मागची उडी, समोरची तोंडं

फ्लिक म्हणजे मागं मारायची उडी. ताठ उभं राहायचं, हात कानाला चिकटवायचे, गुडघे वाकवून स्वतःला मागं झोकून द्यायचं, हातांवर यायचं आणि पाय डोक्यावरून पलीकडं नेऊन पुन्हा ताठ उभं राहायचं. हे वाचायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात दोन-चार फ्लिका मारून होतात. मला ती सातवीत आली आणि नववीत गेली.

येते कशी ते कळतं. जिम्नॅस्टिक्सच्या मॅडमनी शिकवली, मी आपटले, पुन्हा आपटले, आली. जाते कशी, हे कुणालाच सांगता आलं नाही. सांगायचा प्रयत्न मात्र आमच्या वस्तीत झाडून सगळ्यांनी केला.

सातवीत असताना आम्ही दौंडला राहायचो. पप्पा एसटीत मेकॅनिक, तिथल्या डेपोत. मॅडम रेल्वेत नोकरीला. ड्यूटी संपली की त्या सरावाच्या हॉलवर यायच्या, पर्समधून खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी काढायच्या आणि एकेक दाणा तोंडात टाकत आमच्याकडं बघायच्या. आम्ही हातावर उभ्या राहिलो काय किंवा तोंडावर पडलो काय, त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही. मला त्याचा फार राग यायचा. एवढं जीव तोडून काहीतरी करून दाखवावं तर या बाईचं लक्ष पुडीत किती दाणे उरले याच्याकडं.

मग पप्पांची बदली शिरूरला झाली. वस्तीत आत्याच्या भिंतीला भिंत लागून दोन खोल्या मिळाल्या. हॉल सुटला, पण मॅडमनी मला सोडलं नाही. रविवारी यायचं, म्हणाल्या. मग दर रविवारी मी सकाळच्या एसटीनं न्हावऱ्यावरून दौंडला आणि संध्याकाळी परत. ड्रायव्हर-कंडक्टर पप्पांच्या ओळखीचे, त्यामुळं मला खिडकी ठरलेली आणि सल्लेही ठरलेले. "उड्या मारून काय हुणार हाय, आब्यास कर," असं प्रत्येक कंडक्टर म्हणायचा आणि न्हावऱ्याला गाडी थांबली की भेळ पण खाऊ घालायचा.

शिरूरला आल्यावर मला लेझीम मिळालं. आमच्या वस्तीत एप्रिलातल्या जयंतीची मिरवणूक म्हणजे वर्षाचा सण. पांढऱ्या साड्या, निळे फेटे, घरोघरी पाहुणे. मिरवणुकीत पोरींचं लेझीम पथक असायचं आणि माझ्या खणखणीत आवाजामुळं शिट्टी माझ्या गळ्यात पडली. शिट्टीवाली म्हणजे पथकाची पुढारी. तिनं रांगांकडं तोंड करून, मिरवणुकीच्या पुढं उलटं उलटं चालायचं आणि शिट्टीवर हात, म्हणजे लेझमाचे डाव, बदलायचे.

पण आदल्या वर्षी काय झालं होतं, तर पुतळ्याच्या चौकात आम्ही खेळायला लागलो आणि मागून डीजेचा ट्रक आला. आमची हलगी ऐकूच येईना. पोरांनी आम्हाला गोड बोलून रसवंतीच्या कडेला ढकललं आणि चौकात स्वतः नाचत बसली. पथकातली सगळ्यात छोटी पोरगी बांधलेल्या फेट्यातच रडली होती. म्हणून या वर्षी जयंतीच्या पहिल्याच बैठकीत मी उठले. मंडळाचे कारभारी आप्पा समोर बसले होते, पोरं मागं दात काढत होती. एकजण म्हणाला, "लेझीम कोन बघतंय आता?"

माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "पुतळ्यासमोर मी फ्लिक मारणार. डांबरावर. मग बघा कोण बघतंय ते."

फ्लिक म्हणजे काय ते आप्पांना माहीत नव्हतं. मी तिथंच, समाजमंदिराच्या फरशीवर, मारून दाखवली. आप्पांनी चष्मा वर केला. "पोरगी चौकात ह्ये करनार आसंल," ते म्हणाले, "तर चौकात डीजे बंद. आधी पोरींचा खेळ, मग तुमचा धांगडधिंगा. आन् न्हाई केलं, तर ट्रक पुढं."

दुसऱ्या दिवशी ही गोष्ट अख्ख्या वस्तीला माहीत होती. आत्या मार्केट यार्डात कांदे निवडायला जायची, तिनं ती यार्डातही पोचवली. नळावर बायका मला थांबवून विचारायच्या, "व्हय गं, उलटी उडी तूच मारनार ना?" मी मान ताठ करून व्हय म्हणायचे.

आणि त्याच रविवारी दौंडला मी हात वर केले, गुडघे वाकवले आणि खाली बसले.

"काय झालं?" मॅडमनी विचारलं.

"काही नाही."

"मार मग."

मी हात वर केले, गुडघे वाकवले, बसले. पडले नव्हते, लागलं नव्हतं, कुठं काही दुखत नव्हतं. भीती म्हणावी तर तीही वाटत नव्हती. डोकं पायांना म्हणत होतं मार, आणि पाय डोक्याला म्हणत होते तू मार. त्या दिवशी मी मॅटवर इतक्या वेळा बसले की बारक्या पोरींना तो नवीन खेळ वाटला आणि त्याही माझ्यामागं ओळीनं बसायला लागल्या.

मॅडमनी शेवटी पुडी पर्समध्ये ठेवली. माझ्या बाजूला येऊन त्यांनी दोन बोटं माझ्या कमरेला नुसती लावली. मी मारली. झकास. दुसरी, तिसरी, सगळ्या झकास. त्यांनी बोटं काढली, मी बसले. दोन बोटांनी माझं वजन काय पेलणार होतं? साधा उंदीर पेलला नसता. पण बोटं असली की उडी होती आणि बोटं नसली की नव्हती. एकदा त्यांनी बोटं लावल्यासारखं करून काढून घेतली, तर मी निम्म्यात थांबले आणि खांद्यावर आदळले. फसवलं म्हणून मी त्यांच्याशी दुपारभर बोलले नाही.

घरी आल्यावर उपचार सुरू झाले. आत्याचं निदान सरळ होतं. सगळ्या यार्डाची दृष्ट लागली. ती मीठ-मिरच्या मुठीत घेऊन आली तशी आई दारात आडवी उभी राहिली. "आपल्यात ही अंधश्रद्धा चालत न्हाई," आई म्हणाली. आत्या म्हणाली, "चालत न्हाई ते ठाव हाय मला, पन मिरच्या आनल्यात आता." त्या मिरच्यांचा आईनं ठेचा केला. तेवढ्यापुरतं दोघींचं जमलं, आणि ठेचा इतका जहाल झाला होता की पप्पांनी जेवताना बनियन काढला.

पप्पांचं निदान वेगळं होतं. त्यांनी मला दोन-तीनदा बसताना बघितलं आणि म्हणाले, "एअर धरलीया." डिझेलच्या गाडीत पाइपात हवा अडकली की इंजिन फिरतं पण गाडी चालू होत नाही. मग पाइप ढिला करून हवा काढावी लागते. "टाकी फुल्ल हाय, बॅटरी चांगली हाय. फक्त एअर धरलीया," ते पुन्हा पुन्हा म्हणाले आणि खूश झाले. मी विचारलं, मग माझी एअर कुठून काढायची? त्यावर त्यांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "ते डेपोत इचारतो."

आई एकटीच काही सुचवायची नाही. ती मला रोज एक अंडं जास्त द्यायची आणि विषय काढायची नाही. मला रडू यायचं ते तिच्याकडं बघून. कारण मार्च सरत आला होता, पथकातल्या पोरींनी फेट्यांचं कापड ठरवलं होतं, आणि त्या छोट्या पोरीनं शाळेत सगळ्या वर्गाला चौकात यायचं आमंत्रण दिलं होतं. मी चौकात जाऊन बसकण मारली की ट्रक पुढं येणार, आणि या वेळी ढकललं जायला आम्ही स्वतःच कबूल झालेलो. माझ्या एकटीचं नाक कापलं गेलं असतं तर मी सोसलं असतं. पण चौक आमच्या सगळ्यांचा होता.

लेझमाचा सराव मात्र जोरात होता. आमच्या गल्लीत एका टोकाला पिंपळ, दुसऱ्या टोकाला पिठाची गिरणी. त्या गल्लीतून मी उलटी चालायचे, समोर पोरींच्या रांगा, आणि माझ्या मागं माझा रस्ता बघायला आत्या. ही जुनी पद्धत आहे. शिट्टीवालीनं मागं वळून बघायचं नसतं, नाहीतर रांगा विस्कटतात. म्हणून तिच्या पाठीमागं एक थोरली बाई चालते आणि ओरडून सांगते. आत्याला हे काम फार आवडायचं. "खड्डा! उजवीकडं. सायकल हाय, थांब. आता ये. ये बिनघोर." सगळी गल्ली तिच्या आवाजानं भरून जायची.

एक दिवस संध्याकाळी आम्ही पिंपळापासून निघालो. लेझीम जमून आलं होतं, हलगीवाल्या मामांचा हात सुटला होता. मी शिट्टी वाजवत, उलटी, नाचतच गिरणीपर्यंत आले आणि थांबले. वाटेत एक गाडा चुकवला, एका कुत्र्याला वळसा घातला, गटाराचं फुटकं झाकण टाळलं. पोरी हसायला लागल्या.

"काय झालं गं?" मी विचारलं.

"आत्या कुठाय?" माझी मैत्रीण म्हणाली.

मी वळून बघितलं. मागं कुणी नव्हतं. आत्या पार तिकडं, पिंपळाजवळच्या ओट्यावर, एका बाईशी मान हलवून हलवून बोलत होती. ती आमच्याबरोबर निघालीच नव्हती. सगळी गल्ली मी एकटी उलटी चालत आले होते, आणि तिचा आवाज नाही हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

"मग मला कुत्रं कसं कळलं?" मी विचारलं.

"आम्हाला काय ठाव? तू आमच्याकडंच तर बघत हुतीस."

मी पोरींना पुन्हा रांगेत उभं केलं. पुन्हा उलटी चालले, या वेळी मुद्दाम लक्ष देऊन. आणि मला दिसलं. मागून मोटरसायकल आली की डावीकडच्या पोरींचे डोळे आधी डावीकडं जायचे. खड्डा आला की मधल्या पोरीची भुवई चढायची. रस्ता मोकळा असला की सगळ्यांची तोंडं मोकळी. माझ्या पाठीमागचा रस्ता मला त्यांच्या तोंडांवर दिसत होता. आत्या ओरडायची, पण मी चालायचे यांच्या भरवशावर. मला इतका आनंद झाला की मी त्या छोट्या पोरीला उचलून गोल फिरवलं. तिला वाटलं फ्लिक आली. मी म्हणाले, अजून नाही, पण येईल असं वाटतंय.

रविवारी मी मॅडमना म्हणाले, "बाजूला उभ्या राहू नका. समोर राहा. लांब. मला तुमचं तोंड दिसू दे."

"तोंड? आणि सपोर्ट?"

"नको. तोंड पुरे."

मॅडम हसल्या नाहीत. मी लहानपणापासून ज्या गोष्टीवर चिडायचे ती त्यांनी केली. भिंतीला टेकून त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या, पुडी काढली आणि एक दाणा तोंडात टाकला. मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. तिथं काहीसुद्धा नव्हतं. माझ्या मागं कुणी होतं का, मॅट संपली होती का, मी मान मोडणार होते का, यातलं काहीही त्या तोंडावर नव्हतं. शेंगदाणे बरे भाजलेत, एवढंच होतं. म्हणजे मागं सगळं ठीक होतं.

मी मारली.

पायांवर आले तेव्हा मॅडम दुसरा दाणा चावत होत्या. "परत," त्या म्हणाल्या. मी परत मारली. मग मी त्यांना जाऊन मिठी मारली आणि पुडी सांडली. शेंगदाणे वेचता वेचता त्यांनी बजावलं, की जयंतीपर्यंत मॅटवर एकदाही न बसता दाखवशील, तरच डांबरावर; नाहीतर लेझीम खेळ आणि गप घरी जा. मी पुढं ते दाखवलंही. त्याच रविवारी संध्याकाळच्या गाडीत कंडक्टरनं अभ्यासाचं विचारलं तेव्हा मी इतकी हसत होते की त्यानं तिकिटाचं मशीन खाली ठेवून मला पाणी दिलं. डेपोत पप्पांनी सगळ्यांना सांगितलं, की एअर निघाली.

जयंतीच्या दिवशी ऊन कलल्यावर मिरवणूक निघाली. हलगी पुढं, आम्ही मध्ये, मागं ट्रक. आत्या नवी पांढरी साडी नेसून माझ्या पाठीमागं, आणि आता तिला ओट्यावरची बाई दिसू नये म्हणून पोरींनी तिला दुसऱ्या रस्त्यानं आणलेलं. काखेत तिनं कसलंतरी गाठोडं धरलं होतं. मी विचारलं तर म्हणाली, "तू तुझं बघ."

पुतळ्याच्या चौकात आप्पांनी हात वर केला. ट्रकवाल्यानं खरोखर आवाज बंद केला. डीजे बंद झाल्यावर चौक केवढा मोठा वाटतो, हे मला पहिल्यांदाच कळलं. छतांवर माणसं, रसवंतीच्या बाकावर माणसं, छोट्या पोरीचा वर्ग तर पुढच्या रांगेत मांडी घालून. आई पथकाच्या मागं बायकांत उभी होती. आम्ही पुतळ्याला वंदन केलं, आमचा खेळ खेळलो, आणि शेवटच्या हाताला मी शिट्टी वाजवली. हलगी थांबली.

मी माझं लेझीम मैत्रिणीकडं दिलं. रांगांकडं तोंड केलं. हात कानाला लावले. डांबर अजून गरम होतं, पायांच्या तळव्यांना लागत होतं. मी समोर बघितलं. सगळी तोंडं मोकळी. गुडघे वाकवले.

आणि पहिल्या रांगेतल्या सगळ्या पोरींचे डोळे एकदम मोठे झाले.

मी बसले. भर चौकात, पुतळ्यासमोर, सगळ्या शिरूरदेखत मी खाली बसले. रांगांच्या मागून पोरांचा "ओऽऽ" असा आवाज आला आणि ट्रकवाल्यानं गाडीला चावी लावल्याचं मला ऐकू आलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचं होतं. गेली म्हणता म्हणता पुन्हा आली होती ही ब्याद, आणि यायला तिला हाच दिवस सापडला होता.

तेवढ्यात ती छोटी पोरगी किंचाळली, "आत्या, सराऽऽ!"

मी वळले. माझ्या टाचांपासून हातभर अंतरावर आत्या ओणवी झाली होती. गाठोडं सोडून ती डांबरावर गोधडी अंथरत होती. एक अंथरून झाली होती, दुसरीची टोकं ती ओढून सारखी करत होती, अगदी मन लावून, घरात पाहुण्याला अंथरूण घालावं तसं. बरोबर जिथं माझे हात टेकणार होते, तिथंच तिची पाठ होती.

"आत्या! काय करतीस?"

"डांबर तापलंय," ती मान वर न करता म्हणाली. "हात भाजतील तुझं. तू मार, माजं झालंच."

मी तिथंच बसून हसायला लागले. मारली असती तर मी आत्यासकट त्या गोधडीत गुंडाळले गेले असते आणि दोघींना एकाच रिक्षातून दवाखान्यात न्यावं लागलं असतं. पाय माझे मुळीच बिघडले नव्हते. पोरींच्या डोळ्यांनी सांगितलं मागं कोणीतरी आहे, आणि पायांनी ऐकलं. इतके दिवस मी ज्या थांबण्याला शिव्या घालत होते, त्यानंच आत्याची कंबर वाचवली होती. आप्पा हसत होते, मामा हलगी पोटाशी धरून हसत होते, ट्रकवाला खिडकीतून अर्धा बाहेर येऊन हसत होता. आई पदर तोंडाला लावून हसत होती. पोरांनीच पुढं होऊन आत्याला उठवलं आणि गोधड्या ओढून बाजूला केल्या. आत्या भयंकर चिडली होती. पोरांना बोल लावत, कडेला जाऊन, पाठ फिरवून ती गोधडीची घडी घालायला लागली.

मी उठले. समोर बघितलं. सगळ्यांची तोंडं हसून लाल झालेली, एकाच्याही तोंडावर माझ्या पाठीमागचं काही नाही.

हात वर, गुडघे खाली, आणि आभाळ. मग गरम डांबर तळहातांना, आणि मग पुन्हा तीच तोंडं, आता ओरडत असलेली. हलगी कधी सुरू झाली ते मला कळलंच नाही. पोरी रांगा मोडून माझ्या अंगावर आल्या. छोट्या पोरीनं माझ्या कमरेला जी मिठी मारली ती सुटेना. त्या दिवशी चौक आमचा होता, आणि पोरांनीही ट्रक चालू न करता हलगीवरच नाच केला.

या सगळ्या गोंधळातून वाट काढत आत्या आली. गोधड्यांची घडी छातीशी धरलेली.

"मारलीस?" तिनं विचारलं.

"व्हय की! सगळ्यांनी बघितली!"

"मी घडी घालत हुते," ती म्हणाली. तिचं तोंड एकदम उतरलं. सबंध यार्डाला सांगितलेली उडी तिनं एकटीनंच बघितली नव्हती. मग तिनं गोधड्या माझ्या मैत्रिणीच्या हातात कोंबल्या, पदर खोचला आणि माझ्यासमोर येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"मार परत," ती म्हणाली. "मला दिसली न्हाई."

मी तिच्या तोंडाकडं बघितलं आणि परत मारली.